जुन्या गोव्यातील फलकचित्रे आणि असिसीचा कापडवाला

कोल्हापूरकराला गोवा नवा नाही. पहाटे निघाले की निपाणी, आजरा, आंबोली असे करीत दुपारच्या जेवणापूर्वी मांडवीचे पाणी दिसू लागते. बँकेच्या तपासणीच्या निमित्ताने मी नोकरीत असताना पणजीला अनेकदा गेलो. कुटुंबासह गेलो तो प्रत्येक वेळी ठराविक वाटेने: मंगेशी, शांतादुर्गा, मग जुन्या गोव्यात बोम जेझूच्या चर्चमधील चांदीच्या पेटीकडे लांबून एक दृष्टिक्षेप, आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण टळू नये म्हणून लगबगीने परतीचा प्रवास. रस्त्याच्या पलीकडे, सी कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला आणखी एक चर्च आहे, हे मला वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हते. मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम त्या चर्चसाठी गेलो. बरोबर माझी पत्नी, आमचे थोरले बंधू आण्णा आणि वहिनी अशी मंडळी होती. आण्णांना ते चर्च दाखवावे असे माझ्या मनात बरेच दिवस होते. त्याचे कारण ओघाने येईलच.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुन्या गोव्यात दोन फ्रान्सिस आहेत आणि बहुतेक प्रवासी दोघांना एकच समजतात. बोम जेझूत ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातले, जेझुइट पंथाचे. दुसरे असिसीचे संत फ्रान्सिस. ते त्यांच्याही सुमारे सव्वातीनशे वर्षे आधीचे, इटलीतील असिसी नावाच्या डोंगरी गावचे. त्यांच्या नावाने निघालेल्या फ्रान्सिस्कन पंथाचे साधू १५१७ मध्ये गोव्यात आले. त्यांचे पहिले चर्च पुढे पाडले गेले आणि आजचे १६६१ मध्ये उभे राहिले, मात्र जुन्या चर्चचा काळसर दगडी दरवाजा नव्या इमारतीत तसाच ठेवला आहे. पांढऱ्या भिंतीत तो कोरीव दरवाजा जुन्या वाड्याच्या चौकटीसारखा उठून दिसतो. शेजारच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शाळांच्या सहली तिकडे जातात, आणि चर्चमध्ये त्या मानाने शांतता असते.

आत शिरल्यावर पायांखाली थडग्यांच्या शिळा लागतात. त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि अक्षरे कोरलेली आहेत. आम्ही चौघेही नकळत शिळांच्या सांध्यांवरून चालू लागलो. वर कमानदार छत, भिंतींवर फुलापानांची रंगीत नक्षी. समोर सोनेरी मुलामा दिलेली भव्य कोरीव वेदी. तिच्यावर क्रूसावरील ख्रिस्त एक हात सोडवून फ्रान्सिसांना जवळ घेत आहे, आणि त्या मूर्तींखाली या साधूंची तीन व्रते लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. ती वाचून दाखवल्यावर आण्णा म्हणाले, "पहिलं आपलंच आहे की. अपरिग्रह." मला तेव्हा एवढेच सुचले की आपल्याकडे त्याला दारिद्र्य म्हणत नाहीत, आणि शब्दांच्या या फरकात बरेच काही असावे.

पण मी आलो होतो ते वेदीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींसाठी. तेथे मोठमोठ्या लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसांच्या चरित्रातील प्रसंग रंगवले आहेत. रंग काळाने गडद झाले आहेत आणि उजेड जेमतेम आहे. ही चित्रे समजायला कथा आधी ठाऊक असावी लागते. आपल्या बस्तीत पार्श्वनाथांवर फणा दिसला की आपल्याला धरणेंद्र आणि कमठाचा उपसर्ग आपोआप आठवतो. ज्याला ती कथा ठाऊक नाही त्याला तो नुसता नाग. इथे आमची स्थिती तशी होती. मला कथा माहीत होती ती फ्लॉरेन्समुळे.

निवृत्तीनंतर पत्नीसह एका जैन सहलीतून मी युरोप पाहिला. महाराज आणि शिधा बरोबर, म्हणजे आमच्या मंडळींना जगाच्या पाठीवर कुठेही चालते. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे या चर्चमध्ये मार्गदर्शकाने आम्हाला एका छोट्या देवघरापाशी आणले आणि सांगितले की हे बार्दी घराण्याचे. बार्दी हे नाव बँकिंगचा इतिहास शिकलेल्या माणसाला परके नाही. चौदाव्या शतकात युरोपभर पेढ्या असलेले हे घराणे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला युद्धासाठी अफाट कर्जे दिली, ती परत आली नाहीत, आणि १३४६ च्या सुमारास पेढी बुडाली. शेजारचे देवघर पेरुझ्झी घराण्याचे. त्यांची पेढी त्याच्याही तीन वर्षे आधी बुडालेली. एकाच कर्जदाराकडे किती पैसा गुंतवावा याला मर्यादा असते, हे आम्ही एम. कॉम.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचे स्मारक असे रंगीत असेल, याची कल्पना नव्हती.

त्या बार्दींच्या देवघरात वेदीवर एक उंच फळी आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास रंगवलेली. मधोमध फ्रान्सिस उभे आहेत, अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, पाय अनवाणी. सभोवती चौकटी पाडून त्यांच्या आयुष्यातील वीस प्रसंग. मागची जमीन सगळी सोन्याची. ही पद्धत त्या काळी इटलीत रुळत होती. पेशा गावात १२३५ सालची अशीच एक फळी आहे, बोनाव्हेंतुरा बेर्लिंगिएरी या चित्रकाराची. तिच्यावर सहा प्रसंग आहेत, त्यांत पाखरांना उपदेश करणारे फ्रान्सिसही दिसतात. फ्रान्सिसांचे देहावसान १२२६ चे. म्हणजे ती फळी रंगवली तेव्हा त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशा शेतकऱ्यांना आणि विणकरांना चर्चमध्ये उभ्या उभ्या चरित्र समजावे, ही त्यामागची सोय.

या फळ्या कशा बनत, हे मी नंतर परिश्रमपूर्वक वाचले, कारण मालाची घडण कळल्याशिवाय भाव कळत नाही असे आमचे वडील म्हणत. पॉप्लर झाडाच्या फळ्या जोडून घ्यायच्या. त्यावर सरसाने तागाचे कापड चिकटवायचे. मग जिप्सम आणि सरस यांच्या पांढऱ्या लेपाचे थरावर थर चढवून घासून हस्तिदंतासारखी गुळगुळीत जमीन करायची. जिथे सोने लावायचे तिथे तांबड्या मातीचा हात, त्यावर सोन्याचे पान, आणि ते गुळगुळीत दगडाने किंवा प्राण्याच्या दाताने घोटून चकचकीत करायचे. रंग कालवायचा तो अंड्याच्या बलकात. सरस आणि अंडे वाचून आपल्या वाचकांना कसेसे होईल. मलाही झाले. पण जे आहे ते सांगितले पाहिजे. आपल्याकडचे पोथीचित्रकार रंगात डिंक घालीत, एवढे समाधान.

चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास या कामाचे एक हस्तपुस्तक लिहिले. त्यात त्याने सोने ठोकणाऱ्यांविषयी एक बारीक सूचना केली आहे. एका डुकाट नाण्यापासून ते लोक एकशे पंचेचाळीस पाने काढतात, पण शंभराच्या वर काढू नयेत, कारण पान फार पातळ झाले की जमीन खालून दिसते. गुजरीतल्या कोणत्याही जुन्या माणसाला हे वाक्य ऐकवा, तो हसेल. निळ्या रंगाचे तर विचारूच नका. अस्सल निळा म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द. तो कुटून केलेला रंग इतका महाग की चित्राच्या करारातच त्याची प्रत लिहीत. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका अनाथालयाने गिर्लांदायो या चित्रकाराशी केलेला करार उपलब्ध आहे. फळीच्या चित्राची किंमत ११५ फ्लोरिन, आणि निळा रंग चार फ्लोरिनला औंस या प्रतीचाच वापरावा अशी अट. त्याच शतकात आपल्या गुजरातेतील श्रेष्ठींनी कल्पसूत्राच्या ज्या सोनेरी पोथ्या करवून घेतल्या, त्यांतही लाजवर्दचा निळा आहे. खाण तीच. एक वाट व्हेनिसला गेली, दुसरी आपल्याकडे आली.

मला वाटत असे की लाकडावर साधूंची चरित्रे रंगवण्याची कल्पना तिकडचीच. तसे नाही. जैसलमेरच्या ग्रंथभांडारात ताडपत्री पोथ्यांना वरखाली बांधायच्या लाकडी पट्टिका सापडल्या आहेत. त्यांतल्या काही बाराव्या शतकातल्या, म्हणजे पेशाच्या फळीहून जुन्या, आणि त्यांवर त्या काळच्या आचार्यांची चित्रे आहेत. एका पट्टिकेवर तर पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या दरबारात श्वेतांबर आचार्य देवसूरी आणि दिगंबर आचार्य कुमुदचंद्र यांच्यात झालेला वाद रंगवला आहे. त्यात कोण जिंकले ते पट्टिका करवून घेणाऱ्यांनी आपल्या बाजूने दाखवले आहे. या अंकाचे वाचक दोन्ही बाजूंचे असल्याने मी तो विषय येथेच सोडतो. फरक आहे तो मापाचा. आपली पट्टिका लहान आणि अरुंद. पोथी सोडताना दिसायची, बांधली की रुमालाखाली जायची. त्यांची फळी पुरुषभर उंच, आणि सगळ्या गावासमोर.

फ्लॉरेन्सहून एका मोकळ्या दिवशी, बाकी मंडळी चामड्याची बाजारपेठ लांबूनच टाळत खरेदीला गेली असताना, आम्ही दोघे बसने सिएनाला गेलो. १४७२ मध्ये स्थापन झालेली आणि आजही चालू असलेली बँक त्या गावात आहे. तिच्या दाराशी जाऊन उभे राहणे ही माझ्यासारख्याची तीर्थयात्राच. पण खरे नवल सरकारी दप्तरखान्यात पाहायला मिळाले. सिएनाच्या खजिन्याचे अधिकारी दर सहा महिन्यांनी बदलत. मुदत संपली की जमाखर्चाच्या वहीला लाकडी पुठ्ठे घालत आणि वरचा पुठ्ठा चित्रकाराकडून रंगवून घेत. १२५८ पासूनच्या अशा शंभराहून अधिक फळ्या तेथे जपून ठेवल्या आहेत. सर्वांत जुनीवर एक साधू मेजाशी हिशेब घेऊन बसला आहे. खजिनदार म्हणून तिथे बहुधा मठातला साधूच नेमत. ज्याला घरदार नाही त्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात, असा हिशेब. आपल्या कित्येक ट्रस्टांच्या वार्षिक सभांत बसून मला ती फळी आठवली आहे. अधिक लिहीत नाही.

आता फ्रान्सिसांची कथा. यांचे वडील पिएत्रो दी बेर्नार्दोने असिसीचे कापड व्यापारी. फ्रान्समधून माल आणत. तिकडच्या फेरीवर असतानाच १९८२ च्या बरोबर आठशे वर्षे आधी, म्हणजे ११८२ च्या सुमारास मुलगा झाला. आईने नाव ठेवले जोव्हान्नी, वडिलांनी परत येऊन फ्रान्सेस्को म्हणायला सुरुवात केली. मुलगा दुकानात वाढला. उधळा होता, पण गिऱ्हाइकाशी गोड होता. पुढे लढाई, कैद आणि आजारपण यांतून गेल्यावर त्याचे मन उडाले. महारोग्यांत जाऊन बसू लागला. एके दिवशी दुकानातले कापडाचे तागे घोड्यावर घालून शेजारच्या फोलिन्योच्या बाजारात नेले, माल विकला, घोडाही विकला, आणि ते पैसे एका पडक्या चर्चच्या दुरुस्तीला द्यायला निघाला. मालकाला न विचारता केलेली विक्री. बापाने धरून आणला आणि घरात कोंडून ठेवला. तो परगावी गेल्यावर आईने मुलाला सोडले.

परत आल्यावर पिएत्रोने प्रकरण बिशपसमोर नेले. बिशपने मुलाला सांगितले की बापाचे पैसे बापाला दे. मुलाने पैसे दिले, आणि मग सगळ्या गावासमोर अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या स्वाधीन केले. यापुढे स्वर्गातल्या पित्यालाच पिता म्हणेन, असे म्हणाला. बिशपने आपल्या झग्याने त्याला झाकले. हे साल १२०६ मानतात.

बार्दींच्या फळीवर पहिलाच प्रसंग आईने मुलाला बंधनातून सोडवल्याचा आहे आणि दुसरा वस्त्रत्यागाचा. त्याच देवघराच्या भिंतीवर, वरच्या अंगाला, जोत्तोने तोच प्रसंग पुन्हा मोठा रंगवला आहे. असिसीच्या चर्चमध्येही तो आहे. पुढे सिएनाच्या सास्सेत्ताने १४३७ ते १४४४ या काळात एका वेदीसाठी फ्रान्सिसांचे चरित्र फळ्यांवर रंगवले, त्यातली तो प्रसंग असलेली फळी आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. याच सास्सेत्ताच्या दुसऱ्या एका फळीवर फ्रान्सिस गरिबी नावाच्या वधूच्या बोटात अंगठी घालीत आहेत. आपल्याकडे दीक्षार्थीला नवरदेवासारखा सजवून मिरवतात आणि मुक्तिलक्ष्मीला वरायला निघाला असे म्हणतात, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सांता क्रोचेत मी मान वर करून जोत्तोचे ते चित्र पाहत होतो. मार्गदर्शक बिशपविषयी आणि फ्रान्सिसांविषयी बोलत होता. माझे लक्ष बापावर गेले. तो पुढे धावून जाऊ पाहतो आहे आणि लोकांनी त्याला धरून ठेवले आहे. त्याच्या हातावर मुलाचे कपडे आहेत. नंतर असिसीच्या चित्राची प्रत पाहिली. तिथेही शेजाऱ्याने बापाचा हात पकडला आहे, आणि कपडे दुसऱ्या हातावर. संत दोन हात जोडून वर पाहतो, बिशप त्याला झाकण्यात गुंतलेला, बाकीचे लोक एकमेकांत बोलतात. त्या सगळ्या गर्दीत त्या कपड्यांचे काय करायचे हा प्रश्न फक्त एकाच माणसाला पडलेला आहे.

आण्णांचे कोल्हापुरात कापडाचे दुकान आहे. वडिलांपासूनचे. मी शिकून बँकेत गेलो, त्यांनी गादी धरली. दुपारी ते जेवायला घरी आले की गल्ल्यावर वहिनी बसतात, आणि रात्री गल्ला मोजून वहीत आकडा पडल्याशिवाय आण्णांनी पन्नास वर्षांत कधी कुलूप लावलेले नाही. त्यांचा धाकटा मुलगा बी. कॉम. होऊन दुकानात आला होता. हुशार, बोलायला मृदू. एका चातुर्मासात महाराजांच्या प्रवचनाला जाऊ लागला आणि हळूहळू त्याचे दुकानातले मन निघाले. दोन वर्षे आण्णांनी अनुमती दिली नाही. कोंडून वगैरे ठेवले नाही, तो काळ राहिला नाही, पण जेवणाच्या पाटावर कोणी कोणाशी बोलत नसे. मग एके दिवशी मुलगा न सांगता संघात गेला. महिनाभराने परत आला, पुन्हा गेला. अखेर आण्णांनी अनुमती दिली. पाच वर्षे तो ब्रह्मचारी म्हणून राहिला आणि त्यानंतर मुनिदीक्षा झाली.

दीक्षेचा सोहळा मोठा झाला. पुतण्याच्या अंगावर जरीचा पोशाख होता. कापड आमच्याच दुकानातले, आण्णांनी स्वतः निवडलेले. केशलोच झाला. वस्त्रत्याग झाला. हातात पिंछी-कमंडलू आले. जयजयकार झाला. समाजाने आईवडिलांना मंचावर बोलावून हार घातले, आणि मग आण्णांनी आपल्या मुलासमोर गुडघे टेकून नमोस्तु केले. हे सगळे शास्त्राप्रमाणे आणि आनंदाने झाले, यात शंका नाही. अनुमोदनेचे पुण्य असते, हे आण्णाच मला समजावत होते. पण रात्री मंडपात खुर्च्या उचलल्या जात असताना मी पाहिले, तो पोशाख आण्णांच्या हातावर होता. त्यांनी तो घडी करून घेतला होता. दुकानात ठेवतात तशी, काठ वर दिसेल अशी घडी. तो आज कुठे आहे, हे मी कधी विचारले नाही.

फ्लॉरेन्सच्या भिंतीपुढे मला ती घडी आठवली. तेव्हापासून हे चित्र आण्णांना दाखवावे असे वाटत होते. पण आण्णांचे वय आणि गुडघे पाहता इटली शक्य नव्हती. जुन्या गोव्यातील फळ्या आहेत असे कळले, तेव्हा मी गाडी ठरवली.

हे लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. या सुंदर चर्चांच्या काळातच गोव्यातील देवळे पाडली गेली, इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, येथे बसले, आणि लोक आपले देव घेऊन नदीपार गेले. बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, तेही मी एकदा पाहिले आहेत. अंगावरचे कपडे सोडून निघालेल्या माणसाचे नाव घेऊन आलेले लोक राजसत्तेच्या सावलीत कसे वागले, याचा हिशेब इतिहासकार करतीलच. याच भूमीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. माझ्यापुरते म्हणाल तर मी एका कापडवाल्याची गोष्ट सांगायला गेलो होतो.

फळ्यांपुढच्या बाकावर बसून मी ती आण्णांना सांगितली. फोलिन्योच्या बाजारातली विक्री ऐकून ते म्हणाले, "तागे कोणते होते?" मी म्हणालो की लिहिलेय ते इतकेच की किमती होते, लाल रंगाचे असावेत. "भाव पाडून विकले असणार. घाईचा माल." मग बिशपसमोरचा प्रसंग सांगितला. आण्णा बराच वेळ वर पाहत राहिले. पत्नी आणि वहिनी खिडकीच्या बाजूला उभ्या होत्या.

"आणि त्या बापाचं पुढं काय झालं?" आण्णांनी विचारले.

हा प्रश्न फ्लॉरेन्सच्या मार्गदर्शकाला आमच्या तिसांपैकी कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. नंतर वाचून मला जे कळले ते सांगितले. जुन्या चरित्रांत पिएत्रो यानंतर जवळजवळ नाहीसाच होतो. एवढेच येते की मुलगा रस्त्यात भिक्षा मागताना दिसला की तो त्याला शिव्याशाप देई. फ्रान्सिसांना ते सोसवेना. म्हणून त्यांनी एका गरीब भिकाऱ्याला बरोबर घेतले आणि सांगितले की तू माझा बाप हो. बाप शाप देईल तेव्हा तू मला आशीर्वाद दे.

आण्णा म्हणाले, "शिव्या द्यायला का होईना, समोर येत होता ना." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एवढंसं गाव. दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं असतं त्याला."

मी काही बोललो नाही. त्यांनी उठून वेदीजवळच्या एका फळीकडे निरखून पाहिले, लाकडाला भेग कुठे गेली आहे ते मला दाखवले, आणि आम्ही बाहेर आलो. सी कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीवर संत कॅथरीन यांच्या चरित्राचे कोरीव सोनेरी फलक आहेत, आणि बोम जेझूमधील झेवियर यांची समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याची आहे. तस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने ती पाठवली, १६९८ मध्ये येथे बसवली, आणि तिच्याही चार बाजूंना संताच्या आयुष्यातील प्रसंगांचे कांस्यफलक आहेत. ज्यांना सवड आहे त्यांनी ही दोन्ही अवश्य पाहावीत. आम्ही भराभर पाहिली. उन्हे कलायच्या आत घाट चढायचा होता.

आंबोलीला पोहोचलो तेव्हा सूर्य अजून वर होता. गाडी बाजूला घेऊन दशम्यांचे आणि चटणीचे डबे उघडले. धुके नव्हते, दरीत ऊन होते. जेवताना वहिनी एकाएकी म्हणाल्या, "भाऊजी, त्या फ्रान्सिसच्या आईनं त्याला सोडलं, ते तिनं नवऱ्याला स्वतःहून सांगितलं का?"

"तो परत आल्यावर त्याला कळलंच, वहिनी. तिला खूप बोलला, असं लिहिलंय."

वहिनींनी दशमीचा तुकडा हातातच धरून ठेवला. मग आण्णांकडे न पाहता म्हणाल्या, "पोरगं पहिल्यांदा संघात गेलं ना, तेव्हा गाडीभाड्याला दोन हजार मी दिले होते. इतकी वर्षं बोलले नाही."

आण्णा खात राहिले. तोंडातला घास संपल्यावर म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"त्या रात्री गल्ला दोन हजारानं कमी भरला. दुपारी तूच बसली होतीस." त्यांनी चटणीचा डबा वहिनींच्या पुढे सरकवला. "वहीत घरखर्च म्हणून लिहिलं. जेव आता, अंधार पडायच्या आत आटपायचं आहे."